केडगावचा रस्ता आणि मागच्या सीटवरची आई

केडगाव म्हटले की पुष्कळांना दौंडजवळचे केडगाव आठवते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे त्या गावाचे नाव दूरवर पोचले. आमचे केडगाव ते नव्हे. आमचे केडगाव नगरला खेटून, पुणे रस्त्यावर आहे. एके काळी ते वेगळे गाव होते, आज महापालिकेच्या हद्दीत आहे. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण एसटीत बसलेला माणूस कंडक्टरला अजून "एक नगर द्या" असेच म्हणतो. जुनी सवय लवकर सुटत नाही.

पुण्याहून येणाऱ्याला नगर लागते ते इथूनच. रेणुकामातेच्या देवळामुळे नवरात्रात इथे गर्दी होते. जवळच्या नेप्तीच्या बाजारात कांद्याच्या गाड्या लागतात, तेव्हा बायपासपर्यंत कांद्याचा वास येतो. बाकी वर्षभर या गावाचा आवाज एकच, तो म्हणजे गाड्यांचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, स्पेअर पार्टची दुकाने आणि पत्र्याच्या शेडमधली गॅरेजे.

हे आपोआप झालेले नाही. दौंड रस्त्यावर कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना उभा राहिला आणि 1972 मध्ये लुना बाजारात आली. पन्नास सीसीची, पायडल असलेली ती छोटी गाडी पिआजिओ या इटालियन कंपनीच्या चाओ गाडीवर बेतलेली होती. ज्याला स्कूटर परवडत नव्हती त्याच्या दारात तिच्यामुळे इंजिनाची गाडी आली. शाळेतल्या बाई आणि दवाखान्यातल्या सिस्टर स्वतः गाडी चालवत कामाला जाताना आम्ही पहिल्यांदा पाहिल्या त्या लुनावर. कारखान्याच्या नावाने चौकही कायनेटिक चौक झाला. 2024 मध्ये लुना विजेवर चालणारी होऊन परत आली, तेव्हा इथल्या जुन्या कामगारांना घरातली मुलगी माहेरी आल्यासारखे वाटले.

नगरची दुसरी ओळखही गाड्यांचीच. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था इथल्या वाहननगरात आहे. तिथे मुद्दाम खडबडीत केलेल्या मार्गांवर गाड्या पळवून त्यांची परीक्षा घेतात. लहानपणी हे ऐकून आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचे, त्यासाठी वेगळा रस्ता कशाला बांधायचा? आमच्या वस्तीकडे गाड्या पाठवा, सगळी परीक्षा होऊन जाईल.

पण हसण्यावारी नेलेली गोष्ट कधीतरी घरात येते. माझ्या घरात ती आईच्या पाठीच्या रूपाने आली.

माझी मावशी सुप्याकडे राहते. आई अडुसष्ट वर्षांची, मावशी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. दोघी बहिणींनी मिळून कष्टाचे दिवस काढले. आता मावशीला डोळ्यांनी कमी दिसते. महिन्यातून एकदा तिच्याकडे जायचे, तिचे डोके विंचरून द्यायचे, दोन दिवसांच्या गप्पा दोन तासांत मारायच्या, हा आईचा नेम. 2023 च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा आईने आनंदाने सांगितले, "आता मी एकटी जाईन, तुझा कामाचा दिवस मोडू नकोस." पण एसटी सोडते ती हमरस्त्याला. तिथून मावशीची वस्ती तीन किलोमीटर आत. उन्हातान्हात ते अंतर चालणे तिला झेपेना. म्हणून मी जुनी मोटारसायकल घेतली.

गाडी शंभर सीसीची, एका दूधवाल्याकडून घेतलेली. इंजिन ठणठणीत होते. आईला मागे बसवून पहिल्यांदा निघालो, तेव्हा मला मोठे काम केल्यासारखे वाटत होते. केडगाव सोडले की चास लागते, मग कामरगावचा घाट. घाट म्हणायला छोटाच, पण वर आले की माळरान मोकळे होते. हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. खुरटे गवत, मधूनच ज्वारीचा हिरवा तुकडा आणि सदा वाहणारा वारा. पुढे सुप्याच्या औद्योगिक वसाहतीचे कारखाने दिसू लागतात. मी आईला मागे वळून दाखवत होतो, हे बघ, ते बघ. आई "हं" म्हणत होती. वारा आहे म्हणून बोलत नसेल, असे मी समजलो.

तीन-चार महिने असे गेले. मग एका रविवारी आई म्हणाली, "या महिन्याला राहू दे. ताईला फोन लावून दे." पुढच्या महिन्यातही तेच. बायकोने मला आत बोलावून सांगितले, "अहो, त्यांची पाठ दुखते. मावशींकडून आल्यावर दोन-दोन दिवस झोपत नाहीत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत."

दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो पाहून सांगितले, हाडे ठिसूळ झाली आहेत. पाळी गेल्यानंतर बायकांच्या हाडांतला कस झपाट्याने कमी होतो आणि अशा मणक्याला मोठा हादरा बसला तर तो दबू शकतो. औषधे लिहून दिली आणि वर म्हणाले, "हादरे टाळा."

दोन शब्दांत सांगून झाले! पण वस्तीवर राहणाऱ्याने हादरे टाळायचे कसे? आई तर एका वाक्यात निकाल लावून मोकळी झाली, "आता जाणं-येणं संपलं आपलं." तिने ते इतक्या सहज म्हटले की माझ्या पोटात कालवले. दोन म्हाताऱ्या बहिणी, मध्ये पंचवीस-तीस किलोमीटर, आणि केवळ गाडी हादरते म्हणून भेट बंद!

मी गाडी घेऊन एका गॅरेजमध्ये गेलो आणि मागून फार आदळते असे सांगितले. तिथल्या पोराने शॉकअपकडे पाहिले, पाना लावून दोन्हीकडची कडी खटाखट खाली आणली, चाकातली थोडी हवा सोडली आणि म्हणाला, "झाली बघा गादीसारखी." एकटा बसून चक्कर मारली. खरेच मऊ वाटली. घरी येऊन आईला राजी केले.

चासच्या अलीकडे एका गतिरोधकावरून गाडी उतरली आणि मागे "धाड" असा आवाज झाला. लोखंडावर लोखंड आपटावे तसा. आईने माझा खांदा घट्ट धरला. मी गाडी बाजूला घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण ती म्हणाली, "काही नाही रे, चल." मी गाडी मागे फिरवली. मऊ केलेल्या गाडीने आधीपेक्षा जास्त लागले होते. हे कोडे मला उलगडेना.

ते उलगडून दिले केडगावातल्याच एका जुन्या फिटर काकांनी. सारा जन्म दुचाकींच्या कामात गेलेला माणूस. आता घरापुढच्या कडुनिंबाखाली ओळखीच्यांच्याच गाड्या पाहतात. त्यांनी आधी पाना हातात घेतला नाही. पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुणाची होती?"

"दूधवाल्याची."

"मग बरोबर. चाळीस लिटरच्या दोन किटल्या म्हणजे ऐंशी किलोच्या वर दूध, वर किटल्यांचं वजन. त्यानं कडी पाचव्या घरावर चढवली होती. दूध गेलं, पण कडी तिथंच राहिली. आणि तुमच्या आईचं वजन किती?"

"अठ्ठेचाळीस."

काका हसले. मग त्यांनी समजावले ते मी जमेल तसे वाचकांना सांगतो, कारण हे प्रत्येक घरातल्या गाडीचे आहे.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे शॉकअप असतात त्यांत दोन वस्तू काम करतात. बाहेर स्प्रिंग आणि आतल्या नळीत तेल. स्प्रिंग हादरा झेलते. पण झेललेला हादरा ती परत फेकते, तेव्हा तिला शांत करायचे काम तेलाचे. स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. पुष्कळ गाड्यांना अशा पाच पायऱ्या, म्हणजे पाच घरे असतात. कडी फिरवून वरच्या घरावर नेली की स्प्रिंग आधीच दाबून ठेवली जाते, खालच्या घरावर आणली की मोकळी होते.

"लोकांना वाटतं कडी फिरवली की स्प्रिंग नरम होते," काका म्हणाले. "तसं नाही. स्प्रिंग ज्या तारेची तीच राहते. कडी फक्त ठरवते की तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसणार."

वजन कमी आणि कडी पाचव्या घरावर असेल, तर माणूस बसला तरी गाडी जेमतेम खाली बसते. स्प्रिंग आधीच दाबलेली असल्याने लहान खड्ड्याला ती जागची हलत नाही आणि हादरा सरळ माणसाच्या कण्यात जातो. आईचे पहिले तीन-चार महिने असे गेले. याउलट दोघे बसलेले असताना कडी तळाच्या घरावर असेल, तर गाडी आधीच इतकी खाली बसते की मोठ्या खड्ड्यासाठी चालच उरत नाही. मग शॉकअप बुडाला टेकतो आणि "धाड" होते. तो चासचा हादरा. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला दरी. सुख आहे ते मधल्या घरांवर.

मग काकांनी आईलाच बोलावून घ्यायला सांगितले. ती आली, तसे ते म्हणाले, "ताई, गाडी तुमच्यासाठी लावायची, तर मापही तुमचंच घ्यायला पाहिजे." आयुष्यात पहिल्यांदाच कुणी यंत्राच्या बाबतीत आईला विचारत होते.

माप घ्यायची रीत सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावली, मागचे चाक अधांतरी झाले. चाकाच्या आसाच्या नटापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने अंतर मोजले. मग गाडी स्टँडवरून उतरवली, मी आणि आई नेहमीसारखे बसलो आणि तेच अंतर पुन्हा मोजले. जितके कमी भरले तितकी गाडी बसली. चाक एकूण जेवढे वर-खाली होऊ शकते, त्याच्या चौथाई ते तिहाई इतकी गाडी माणसे बसल्यावर खाली यावी, असा ठोकताळा. आमच्या गाडीची चाल 85 मिलिमीटर होती. पाचव्या घरावर आम्ही दोघे बसून ती 14 मिलिमीटर बसत होती, पहिल्या घरावर 40, आणि तिसऱ्या घरावर 26. काकांनी तिसऱ्या घरावर बोट ठेवले. "हे तुमच्या मायलेकरांचं घर. तुम्ही एकटे असाल तेव्हा पहिलं."

पण एवढ्यावर भागले नाही. त्यांनी सीटवर जोराने दाब देऊन हात काढला. गाडी वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. चांगला शॉकअप एकदा वर येऊन थांबतो. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ बसलेली दिसली. तेल गेलेले होते. "हा मेलेला आहे. आणि बदलायचा तर जोडीनं. एक नवा, एक जुना लावला तर गाडी एका अंगाने चालते." चिमट्याचे, म्हणजे मागचे चाक ज्या दुहेरी दांड्यात बसते त्याचे बुशही ढिले झाले होते, तेही बदलले.

आता घरी हे करू पाहणाऱ्या बंधू-भगिनींसाठी काकांच्या सूचना. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागेत लावावी. सायलेन्सर गार होऊ द्यावा. कडीतला चिखल ब्रशने काढावा. गाडीबरोबर मिळालेला वाकड्या तोंडाचा हुक पाना वापरावा. छिन्नी-हातोडी कधीही नको, कडी फुटते आणि हातही फुटतो. डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच घरावर असाव्यात, ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. शॉकअप स्वतः खोलू नये. काहींत दाबलेला वायू असतो. कडी बदलल्यावर साखळीचा ताण आणि दिव्याचा झोत पाहावा. मागून गाडी खाली बसली की झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.

चाकातली हवा कमी करून गाडी मऊ करण्याची युक्ती मात्र त्यांनी साफ मोडीत काढली. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा थोडी जास्तच लागते. किती, ते साखळीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. चाक गार असताना मोजावी. कमी हवेने टायर तापतो, वळणावर गाडी डोलते आणि खड्ड्यात रिम वाकते.

शेवटी काकांनी जे सांगितले ते माझ्या मनात घर करून राहिले. "चालवणारा दोन चाकांच्या मधे बसतो. मागचा माणूस जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर बसतो, म्हणून त्याला जास्त लागतं. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, तो हातापायांवर अंग तोलतो. मागच्याला खड्डा दिसत नाही. आणि बाईमाणूस लुगडं नेसून एका अंगाला बसलेलं असतं, कणा आधीच पिळलेला. तुम्ही म्हणता गाडी बरी चालते. बरी चालते की नाही हे मागच्याला विचारावं."

मी मान खाली घातली. चार महिने मी आईला माळरान दाखवत होतो, आणि ती दात घट्ट मिटून "हं" म्हणत होती.

मागे बसणाऱ्याचा विचार कायद्यानेही केलेला आहे, हे मला त्याच दिवशी कळले. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी हवी. दूधवाल्याने किटल्या अडकवण्यासाठी आमच्या गाडीची जाळी काढून टाकली होती. ती बसवली. आईसाठी हेल्मेट घेतले. ते घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि नातवंडे हसून लोळली. तीही हसली.

डॉक्टरांना पुन्हा विचारले. पाठीला पट्टा बांधून, सावकाश, सकाळच्या वेळी जायला त्यांनी परवानगी दिली. मग एका रविवारी निघालो. चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. गतिरोधक दिसला की आधीच वेग कमी करायचा, वर चढताना ब्रेक सोडून द्यायचा आणि मोठ्याने सांगायचे, "आई, गतिरोधक आला." ती आधार घट्ट धरायची. चासचा तो गतिरोधक आला. माझ्या छातीत धडधड. गाडी चढली, मागून हलकेच खाली बसली, वर आली आणि थांबली. मी विचारले, "लागलं का?" मागून उत्तर आले, "कधी गेला?"

कामरगावच्या घाटात तिने आपणहून बोलायला सुरुवात केली. इथे कुठल्या साली रोजगार हमीच्या कामावर दोघी बहिणी खडी फोडायला आल्या होत्या, पाणी कुठून आणायच्या, भाकरी कुठल्या झाडाखाली खायच्या. मी हा रस्ता शेकडो वेळा तुडवला होता, पण यातले काहीच मला ठाऊक नव्हते. 1972 च्या दुष्काळात लोकांनी असे रस्ते आपल्या हातांनी केले, हे पुस्तकात वाचले होते. तो रस्ता करणारी बाई माझ्या मागे बसली होती, आणि त्याच रस्त्याने तिची पाठ मोडत आली होती. चार महिने मला हे ऐकू आले नव्हते, कारण हादरे सोसणाऱ्या माणसाला बोलायचे त्राण राहत नाही.

मावशी ओट्यावर बसली होती. गाडीच्या आवाजावरून तिने ओळखले. आईने हेल्मेट काढले तसे मावशीने हाताने तिचे तोंड चाचपले आणि म्हणाली, "आलीस? मला वाटलं आता मातीलाच येशील."

आईची पाठ पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत आणि पावसाळ्यात आतली वाट चिखलाने भरली की आम्ही जात नाही. कडी फिरवून म्हातारपण मागे फिरत नाही. पण दोघी बहिणींची भेट महिन्याला होते आहे, आणि ती कुठल्या मोठ्या खर्चाने नव्हे, तर एक जोडी शॉकअप, दोन बुश आणि एका कडीच्या योग्य घरावर होते आहे.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात जुनी घेतलेली गाडी आहे. ती आधी कुणाकडे होती, त्याने तिच्यावर काय वाहिले, हे आपण विचारत नाही. त्याच्या ओझ्याला लावलेली गाडी आपण आपल्या माणसांच्या पाठीवर चालवतो. पुढच्या रविवारी अर्धा तास काढा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, कडी कितव्या घरावर आहे ते पाहा, हवा मोजा. मग घरातल्या ज्या माणसाला तुम्ही मागे बसवता, त्याला बसवून एक चक्कर मारा आणि उतरल्यावर विचारा, लागते का?

पहिल्यांदा उत्तर "नाही" असेच येईल. तेव्हा पुन्हा विचारा.